नाबरकाकांची डिस्क

नाबरकाका फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत. रविवारी सकाळी फोन वाजतो आणि पलीकडून एकच शब्द येतो, "भरली!"

पहिल्यांदा फोन आईने घेतला होता. तिला वाटलं, गच्चीवरची टाकी. ती पंप बंद करायला धावली. भरली होती ती काकांच्या कॉम्प्युटरची डिस्क.

काका आमच्या मुलुंडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात. यांनी कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, आभासी कॉम्प्युटर बसवला आणि त्यात कंटेनर चालवायला घेतले. कंटेनरला ते 'डबे' म्हणतात. प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या डब्यात. "चिवड्याक लाडवाचो वास लागाक नको," हे त्यांचं तत्त्वज्ञान. एका डब्यात गच्चीवरच्या तापमानाची नोंद, एकात दशावताराची रेकॉर्डिंग्ज, एकात सोसायटीच्या पाण्याच्या वेळा, ज्या खाली नोटीस बोर्डावर लिहिलेल्याच असतात.

मी आठवडाभर अंधेरीच्या ऑफिसात लोकांच्या डिस्क वाढवतो. रविवारी काकांची.

"काका, जुने डबे उडवा ना. जागा होईल."

"उडवूचा नाय!"

"अहो, तीन वर्षांपूर्वीचं व्हर्जन कशाला हवंय?"

"असू दे रे मेल्या. तुका काय त्रास?"

काय त्रास! आधी दोनदा बॅकअप. एकदा घेतलेला त्यांना चालत नाही. मग मशीन बंद करण्यापूर्वी काका जिन्यात जाऊन ओरडणार, "अर्धो तास सर्व्हिस बंद!" त्यांची सर्व्हिस वापरणारं इमारतीत कुणीही नाही. मग आभासी डिस्क मोठी करायची, तिच्यातलं पार्टिशन ताणायचं, आणि शेवटी फाइल सिस्टिमला सांगायचं, बाई गं, जागा वाढलीय, आता पसर. यातली एक पायरी राहिली की डिस्क मोठी आणि जागा होती तेवढीच. आणि हे सगळं चालू असताना काका माझ्या मागे उभे राहून प्रत्येक कमांड मोठ्याने वाचणार. स्पेलिंगसकट.

चाळीस जीबीची ऐंशी केली. ऐंशीची एकशेवीस. दर रविवारी असंच वाढत गेलं. गेल्या रविवारी पुन्हा "भरली!" आलं आणि माझी सटकली. आज बघतोच कोण एवढी जागा खातंय, म्हणत तरातरा वर गेलो.

काका स्वयंपाकघरात होते. मी एकेक फोल्डर तपासला. सगळे डबे मिळून वीस जीबीसुद्धा नव्हते. बाकीची सगळी जागा एकाच फाइलने अडवली होती. उघडली. आत नुसती शून्यं. काकांनी आधी दिलेल्या कमांडची यादी पाहिली. दर शनिवारी त्यांनी ती फाइल स्वतःच फुगवली होती, मी करून दिलेली नवी जागा पुरती संपेपर्यंत.

जाब विचारायला उठलो, तर आतून काका म्हणाले, "काय रे, वेळ लागतलो?" आवाज जरा जपूनच. जेवणाच्या टेबलावर दोन ताटं मांडलेली होती.

मी परत बसलो. फाइल होती तशी बंद केली.

"लागेल काका. बरीच भरलीय."

"मगे जेवानच जा. बांगडे हाडलंय."

"बरं," म्हटलं, आणि तव्यावर बांगडा चुरचुरेपर्यंत उगाचच कीबोर्ड बडवत राहिलो.