शिवराजअप्पांची सोप्पी खाडी

हुमनाबादच्या हायवेवर ताडपत्री घ्यायला थांबलेले ट्रकवाले, गल्ल्यावर नारिंगी लाइफजॅकेट घालून बसलेला साठीचा माणूस बघतात आणि मागं वळून पाणी शोधतात. पाणी कुठंच नसतं. मे महिना असतो, धूळ असते आणि समोर ढाब्याच्या बाजा असतात.

हे आमचे शिवराजअप्पा. ताडपत्री आणि दोरखंडाचे व्यापारी. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांना लागूनच आहे.

"अप्पा, उकडायलं न्हाई का?"

"उकडायलंय की. पण तिथं तीन तास अंगावर ठिवायचं हाय. अंगाला सवय नगं?"

तिथं म्हणजे समुद्राकाठी, कयाकमध्ये. कयाक ही एकदोन माणसांची अरुंद होडी. पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं मारायचं. अप्पांनी ती मोबाइलवर पाहिली आणि गेले तीन उन्हाळे ते सुट्टीतल्या सहलीची आखणी करताहेत. समुद्र आमच्यापासून दिवसभराच्या रस्त्यावर. तरी भरती-ओहोटीची कोष्टकं माझ्याकडून छापून घेऊन त्यांनी दोऱ्यांच्या बंडलांवर चिकटवली. गिऱ्हाईक दोरीचा भाव विचारी, अप्पा भरतीची वेळ सांगत.

"सोप्पं पाहिजे," हा त्यांचा एकच हट्ट. सकाळी लवकर निघायचं, कारण उन्हं चढली की वारा सुटतो. भरतीबरोबर खाडीत आत जायचं, ओहोटीबरोबर परत यायचं. काठ सोडायचा नाही. उलटलो तर उभं राहता आलं पाहिजे.

इथवर मला पटत होतं. पण होडीवाल्यांना फोन लावून ते कानडीत जे विचारत, ते विचित्र होतं. पाणी किती खोल, हे नंतर. आधी, "गाडीपासून पाण्यापर्यंत पावलं किती? पायऱ्या हायत का?" बारा पायऱ्यांपायी त्यांनी एक अख्खा सुंदर किनारा खोडून टाकला. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. पण हाच माणूस ताडपत्रीच्या थप्पीवर पोरासारखा चढायचा.

या मे महिन्यात कारवारकडची एक खाडी पास झाली. पावलं तीस, पायऱ्या शून्य. अप्पांनी जीप ठरवली आणि मलाही ओढलं. जीपमध्ये पुढच्या सीटवर आधीच त्यांच्या थोरल्या बहीण गंगक्का बसल्या होत्या. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचा डावा पाय गेलेला, हातात काठी. लग्न झालं नाही. पहाटे उठून त्या ढाब्यांसाठी कडक भाकरी थापतात. त्यांना फक्त समुद्र बघायचा, एवढंच सांगितलं होतं.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा अप्पा माझ्या कानाशी आले.

"बोटीत पाय लागत न्हाईत, दत्तू. हातच लागतेत. अक्काचे हात बघितलास का?"

दुसऱ्या सकाळी पाण्याकाठी पोचलो. गंगक्का तीस पावलं हळूहळू चालल्या, वाळूवर बसल्या आणि सवयीनं पदर पसरला. "ठिवा चपला हितं. मी बसते. तुमी या जाऊन."

घरची माणसं कुठल्याही डोंगरावर, कुठल्याही देवाला गेली की गंगक्का खाली चपला सांभाळत बसायच्या. एवढी वर्षं तेच.

अप्पांनी आपल्या चपला उचलून जीपमध्ये भिरकावल्या. मग अक्कांच्या, मग माझ्याही.

"अक्का, ऊठ. तू जायलीस."

"याड लागलं का शिवा? ह्या पायानं?"

"पाय पसरून बसायचं हाय नुसतं."

गंगक्का ऐकेनात. काठी वाळूत रोवून बसल्या. शेवटी होडीवाल्यानं कयाक त्यांच्या पुढ्यात ओढून आणली, अप्पांनी त्यांना लहान मुलीसारखं उचललं आणि पुढच्या जागेवर बसवलं. होडी पाण्यात ढकलून स्वतः मागं चढताना अप्पा गुडघाभर पाण्यात आडवे झाले. गंगक्का हसल्या. मग अप्पांनी तीन वर्षांच्या अभ्यासानं वल्हं मारायला घेतलं आणि होडी जागच्या जागी गोल फिरू लागली. मी होडीवाल्याबरोबर दुसऱ्या कयाकमध्ये होतो. तो कानडीत म्हणाला, "यांनी वाचलंय फार."

"शिवा, तू हात आवर," गंगक्का म्हणाल्या. त्यांनी आपल्या हातातलं वल्हं पाण्यात घातलं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, भाकर थापावी तशा ठेक्यात, आणि होडी सरळ खाडीत निघाली. त्यांना गाठायला होडीवाल्याला आमची कयाक पुढं रेटावी लागली.

आम्ही बाजूला आलो. गंगक्का समोर बघत होत्या, पाठ ताठ. मागं अप्पांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं होतं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. खांदे हलत होते.

"शिवा, गप का झालास?" गंगक्कांनी मागं न बघता विचारलं. "पाणी उडायलंय का अंगावर?"

"व्हय अक्का," अप्पा म्हणाले. "लई खारं हाय."

गंगक्कांनी वल्हं थोडं हळू केलं.