सातव्या कलमाचे आजोबा

शाळेकडून आलेल्या त्या पत्राला आजोबांनी वेळेवर उत्तर दिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. उत्तर द्यायचं नव्हतं असंही नाही. उत्तराचे चार कच्चे मसुदे त्यांच्या टेबलावर तयार होते. पण छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या चुका जितक्या पटकन दिसतात, तितक्याच स्वतःच्याही दिसतात. पाचवा मसुदा चौथ्यापेक्षा बरा होईल, या आशेवर आठ दिवस निघून गेले. मुदत आठ दिवसांचीच होती.

पत्र मुख्याध्यापिकाबाईंचं होतं. शाळा, घर आणि वस्ती या तिघांनी मिळून मुलांना वाढवावं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यासाठी बारा कामांची यादी त्यांनी प्रत्येक घरी धाडली. मुलांना रस्ता ओलांडून देणं, बागेला पाणी घालणं, गोष्टी सांगणं, असं काय काय त्यात होतं. जे काम जमणार नाही ते खोडायचं आणि कागद परत पाठवायचा. आठ दिवसांत कागद आला नाही तर सगळ्या कामांना संमती आहे असं धरलं जाईल, हे अगदी तळाशी, बारीक अक्षरात.

घरात पत्रांना उत्तर देण्याचं खातं आजोबांकडे होतं. मुलगा कामानिमित्त सदा फिरतीवर, सून दवाखान्यात औषधं देते. तिनं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि ती विसरून गेली. आजोबांना बाराही कामं खोडायची होती. माणसांत गेलं की त्यांचे हात कुठं ठेवायचे इथपासून प्रश्न सुरू होत. पण नुसत्या बारा रेघा मारून कागद पाठवणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. सोबत चार गोड ओळी हव्यात. उपक्रमाच्या कौतुकानं सुरुवात केली की पुढे नकार देता येईना, आणि नकारानं सुरुवात केली की कौतुकाला जागा उरेना.

नवव्या दिवशी शाळेचा शिपाई दारात हजर. हातात छातीवर लावायचा बिल्ला, त्यावर 'वस्ती प्रतिनिधी'. इतर सगळ्या घरांनी बाराच्या बारा कामं दुसऱ्याच दिवशी बिनदिक्कत खोडून पाठवली होती. साऱ्या वस्तीत बाराही कामांना संमती देणारं घर एकच निघालं.

"बाबा, तुम्ही हो म्हणालात?" संध्याकाळी सुनेनं विचारलं.

"मी काहीच म्हणालो नाही."

"हं. तसंच होतं मग."

आजोबा दुसऱ्या दिवशी नाही म्हणायला शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाई खुर्चीवरून उठल्या, त्यांनी सगळ्या शिक्षकांना बोलावून घेतलं, आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्या माणसांना नकार कसा द्यावा, हे आजोबांच्या वाचनात कधी आलं नव्हतं. ते बागेच्या नळाची चावी घेऊन घरी आले.

बारांपैकी अकरा कामांनी फक्त पाय दुखले. रस्ता ओलांडायच्या कामात पोरांनीच त्यांचा हात धरून त्यांना पलीकडे नेलं आणि पुन्हा अलीकडे आणून सोडलं. गोष्टीच्या तासाला शेवट मुलांना आधीच माहीत असे. घोटाळा केला तो सातव्या कलमानं. 'शाळा व पालक यांच्यातील निरोप पोचवणे.'

पहिला निरोप सायकलवाल्याचा. त्याचं दुरुस्तीचं दुकान शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. त्याची मुलगी आणि आजोबांची नात तिसरीत पहिल्या बाकावर शेजारी बसत. डबा, पट्टी, खोडरबर, भांडण, सगळं दोघींत अर्धं अर्धं. सायकलवाल्यानं आजोबांना रस्त्यात गाठलं.

"निरोप तुमच्याकडनं जातात म्हणे. मग त्या वर्गाच्या बाईंना सांगा, माझ्या पोरीवर ओरडायचं बंद करा. पंधरा दिवस झाले, रोज सकाळी तिच्या पोटात दुखतंय. शाळेचं नाव काढलं की दुखतंय."

आजोबांनी लेखी देऊ का विचारलं.

"लेखीच द्या. आणि जरा कडक लिहा."

आजोबांनी कडक लिहायचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण बाईंना वाईट वाटेल, हा विचार लेखणीच्या टोकावर येऊन बसला. शेवटी जे लिहून झालं ते असं: 'आपला आवाज खणखणीत आहे, हे वर्गाचे भाग्यच. मुलगी पहिल्या बाकावर असल्याने त्या भाग्याचा वाटा तिच्या पदरात अंमळ अधिक पडतो, इतकेच.'

बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंच्या आवाजाचं कुणी कौतुक केलं नव्हतं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, पर्समध्ये जपून ठेवलं, आणि पालकांच्या इच्छेचा मान राखून मुलीला प्रेमानं शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं. त्या वर्गात शेवटच्या बाकावर गृहपाठ न केलेली मुलं बसत, हे बाईंच्या त्या आनंदात लक्षात आलं नाही.

"तक्रार मी केली आणि शिक्षा पोरीला?" सायकलवाल्यानं आजोबांना विचारलं. आजोबांनाही तोच प्रश्न पडला होता.

तोवर बाईंचा उलटा निरोप तयार होता. मागच्या बाकावरून मुलगी फळ्यावरचं सगळं चुकीचं उतरवते, तिला लांबचं दिसत नाही, डोळे तपासायला हवेत. वडिलांना तीनदा बोलावलं, एकदाही आले नाहीत. बाई म्हणाल्या, त्यांना स्पष्ट सांगा, पोरीची काळजी असेल तर शनिवारच्या आत येऊन भेटा. आजोबांनी हे लिहायला घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सायकलवाल्याचा चेहरा आला. दिवसभर राबणाऱ्या माणसाला असं कसं म्हणायचं? त्यांनी लिहिलं: 'आपल्या मुलीच्या डोळ्यांविषयी शाळेला आस्था वाटते. आपण कामात असता, हे शाळा जाणते. सवडीने यावे, घाई नाही.'

सायकलवाल्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. "डोळ्यांना काय झालंय? चांगले मोठे आहेत. आईवर गेलीय." घाई नाही म्हटल्यावर तो काही गेला नाही.

बाईंना वाटलं, बापाला पोरीची पर्वा नाही. बापाला वाटलं, बाई पोरीवर राग काढतात. मुलीचं पोट दुखायचं थांबेना. आजोबा दोन्हीकडे जाऊन मान हलवत आणि दोघांचंही बरोबरच आहे असं समजून घरी येत. आपण नक्की कुणाला काय सांगितलं, याची टिपणं ठेवायला त्यांनी सुरुवात केली. पण टिपणंही त्यांनी मवाळ करून लिहिली असल्यामुळे त्यांतून काही कळेना.

गुरुवारी सायकलवाला घरीच आला. त्यानं चप्पल दारातच ठेवली, हात पाठीमागे धरले आणि आत काही आला नाही.

"पोरीला या शाळेतनं काढतोय. दाखल्याचा अर्ज लिहून द्या. तुमच्याशिवाय मला कोण लिहून देणार?"

नात आतल्या खोलीत अभ्यास करत होती. ती बाहेर आली आणि सायकलवाला गेल्यावर तिनं एकच विचारलं, "आजोबा, तुम्ही लिहिलं होतं तरी काय?"

आजोबांनी चष्मा पुसला. त्या संध्याकाळी नात त्यांच्याशी बोलली नाही. जेवताना तिनं वरण त्यांच्याकडे सरकवलं तेही आईमार्फत.

आपली चूक आजोबांना आता स्वच्छ दिसत होती. अर्जात काही कमीजास्त करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. फक्त मुख्याध्यापिकाबाईंच्या मनाला लागू नये म्हणून आधी दोन शब्द कृतज्ञतेचे लिहावेत. दोन शब्दांचं एक पान झालं. शाळेनं मुलीला काय काय दिलं, भिंतींचा रंग किती प्रसन्न आहे, बागेतली फुलं, शिक्षकांची माया. मग पान उलटल्यावर, मागच्या बाजूला, खाली, मूळ मागणी.

शनिवारी पालकसभा होती. मुख्याध्यापिकाबाईंनी अर्जाचं पहिलं पान सकाळी वाचलं होतं आणि तेवढ्यावरच तो सभेत वाचून दाखवायचं ठरवलं होतं. सभेत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, घर आणि शाळा यांचं नातं कसं असावं हे एका साध्या पालकाकडून ऐका. त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. भिंतींचा रंग आला, फुलं आली. शिक्षकांच्या मायेपाशी दोन आयांनी पदर डोळ्यांना लावला. ओल्या आवाजात वाचता वाचता बाईंनी पान उलटलं.

"'...म्हणून माझ्या मुलीला या शाळेतून काढत असून, शाळा सोडल्याचा दाखला आजच द्यावा, ही विनंती.'"

बाईंनी पान पुन्हा सुलट केलं. दोन वेगवेगळे कागद एकाला एक चिकटलेत का, हे नखानं पाहिलं. सभेतले पालक एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी मागून टाळी वाजवायला घेतली होती, ती एकावरच थांबली.

"दाखल्याचं बरोबर आहे." सायकलवाला दाराच्या चौकटीत उभा होता. दाखला न्यायलाच आला होता. "त्याच्या आधीचं मी काही म्हणालो नाही."

वर्गाच्या बाई उठल्या. त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "आणि हे? माझ्या आवाजाचं?"

"ते तर मुळीच नाही."

मग सगळ्या माना आजोबांकडे वळल्या. बिल्ला त्यांच्या छातीवर होता, त्यामुळे नाकबूल करायलाही वाव नव्हता. आजोबा उभे राहिले. सुरुवातीची चार वाक्यं त्यांच्या मनात एकाच वेळी तयार झाली आणि चारही त्यांनी खोडली. खिडकीबाहेर व्हरांड्यात दोघी मुली एकाच पायरीवर बसल्या होत्या.

"मुलीला बाईंची भीती वाटते," आजोबा म्हणाले. "रोज सकाळी तिच्या पोटात दुखतं. तिला फळ्यावरचं दिसत नाही. बाईंनी वडिलांना लगेच बोलावलं होतं. मी घाई नाही असं लिहिलं. मी सगळंच वेगळं लिहिलं."

एवढं बोलून ते खाली बसले. अडतीस वर्षांच्या नोकरीतही एका दमात ते एवढं बोलले नव्हते.

वर्गाच्या बाईंनी हातातला कागद पर्समध्ये परत ठेवला. मग सायकलवाल्याकडे वळून म्हणाल्या, "मी पोरीवर नाही ओरडत हो. मी तुमच्या हातोडीवर ओरडते. माझा गणिताचा तास सुरू झाला की खिडकीखाली ठोकाठोक सुरू. माझं मलाच ऐकू येत नाही. पहिल्या बाकावरच्यांच्या कानात सगळं जातं, त्याला मी काय करू?"

"मडगार्ड सरळ करतो ते?"

"रोज."

"पोरीचं पोट दुखायला लागलं, त्याच सुमारास ऊन लागतं म्हणून मागं भिंतीशी सावलीला आलोय," सायकलवाला सावकाश म्हणाला. "मग सांगायचं ना बाई. मी काय परदेशात आहे?"

"तीनदा बोलावलं. आला नाहीत."

त्यानं दोन्ही हात पुढे केले. नखांपर्यंत काळं वंगण होतं. "हे घेऊन ऑफिसात कुठं येऊ? खुर्ची खराब होईल."

त्यानंतर दोघं अर्धा तास भांडले. मध्ये इतर पालकही उठले. ज्यांनी बाराही कामं खोडली होती, त्यांच्याकडे शाळेला सांगण्यासारखं पुष्कळ साठलेलं निघालं, आणि शाळेकडे त्यांना सांगण्यासारखं त्याहून जास्त. मुख्याध्यापिकाबाईंचं भाषण टेबलावर तसंच पडून राहिलं. शेवटी ठरलं ते इतकंच: हातोडी मधल्या सुट्टीत चालेल, मुलगी सोमवारी पहिल्या बाकावर येईल आणि त्याआधी बापाबरोबर डोळे तपासून येईल. दाखल्याचा अर्ज सायकलवाल्यानं घडी करून हात पुसायला घेतला. कुणीही कुणाचे आभार मानले नाहीत.

नातीनं त्या दिवशी वरण स्वतःच वाढलं.

पुढच्या महिन्यात शाळेचं नवं पत्र आलं. यादी तीच, बारा कामांची. तळाची बारीक ओळ मात्र बदलली होती. आठ दिवसांत उत्तर न आल्यास नकार समजला जाईल.

"सुटलात बाबा," सून म्हणाली. "या वेळी नुसतं गप्प बसायचं. ते तर तुम्हाला जमतंच."

आजोबांनी बिल्ला खणात टाकला आणि ते खुर्चीत पुस्तक उघडून बसले. पाच दिवस ते बसले. पानं उलटली, पण काय वाचलं ते सांगता आलं नसतं. सहाव्या दिवशी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीनं त्यांना थांबवलं. तिच्या मुलाबद्दल शाळेशी बोलायचं होतं, पण आत जायला जीव धजत नव्हता. तुम्ही सांगाल का, म्हणाली.

"मी सांगणार नाही," आजोबा म्हणाले. "मी सांगितलं की बिघडतं. तुम्ही चला, मी शेजारी बसतो."

ती जरा घोटाळली. मग म्हणाली, तुम्ही असाल तर येते, परवा अकराला.

आठव्या दिवशी, तिला घेऊन शाळेत जाऊन आल्यावर, आजोबांनी टेबलावरचे जुने चार मसुदे बाजूला सारले आणि कोरा कागद घेतला. मसुदा न करता लिहिलं: 'अकरा कामे जमणार नाहीत. सातवे करीन, पण निरोप नेणार नाही. माणूस घेऊन येईन.'

सुनेनं विचारलं, शाळा दोन मिनिटांवर असताना पोस्टानं कशाला? मुदत तर आजच संपते.

"हातात दिलं तर टाळ्या वाजवतील," आजोबा म्हणाले आणि चपला घालून निघाले.

टपालपेटीच्या तोंडाशी त्यांनी पाकीट थोडा वेळ धरून ठेवलं. मग सोडलं. आत पडल्याचा आवाज आला, त्याच क्षणी त्यांना आठवलं की कागदावर तारीख घालायची राहिली. त्यांनी पेटीत हात घालून पाहिला. तो मनगटापर्यंतच जात होता.