अकरा नंबरची हजेरी

दारातल्या टपालफटीचं झाकण खट्‌कन वाजलं आणि रविवार दुपारची, मोठ्या कष्टाने जमवलेली शांतता मोडली. चार वर्षांची चैत्राली नुकतीच झोपली होती. कश्मिरा चवड्यांवर चालत दाराशी गेली. चिठ्ठी बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीची होती. आधी तीत हवापाण्याची चौकशी होती, मग रहिवाशांच्या प्रकृतीची, आणि अगदी तळाशी, कुणाचंही नाव न घेता, लिहिलं होतं: काल संध्याकाळी इमारतीत कुणीतरी मोठ्याने ओरडल्याचं कळतं, तरी सर्वांनी कृपया काळजी घ्यावी.

"सर्वांनी म्हणजे मी," कश्मिरा नवऱ्यासमोर चिठ्ठी नाचवत कुजबुजली. "खालच्या होसोया-साननी तक्रार केली असणार. आता त्यांना तोंड कसं दाखवू? रोज कचरा टाकताना भेटतात रे."

"तरी सांगत होतो, तोंडावर उशी धर," जयेश लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

"गाद्यांच्या कपाटात शिरून सराव केला, ते कमी होतं? आणि उशी धरून हजेरी लागत नाही!"

ही हजेरी साधीसुधी नव्हती. सांगलीकडच्या एका इंजिनियरिंग कॉलेजच्या लेडीज हॉस्टेलात तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीखाली एक विंग होती. पाणी दिवसातून एकदाच यायचं, तेही त्याच्या मर्जीने. जिला आधी दिसेल तिने बोंब ठोकायची, "पाणी आलं गंऽऽ, टाकीवाल्याऽऽ!" की खोल्याखोल्यांतून बादल्या धावत सुटायच्या. बादल्यांवर नंबर रंगवलेले असत. पुढे मुली पास झाल्या, लग्नं झाली, कुणी बंगलोरला गेली, कुणी टोरांटोला. बादल्या मागे राहिल्या, नंबर मात्र बरोबर गेले. दर ऑक्टोबरातल्या एका रविवारी व्हिडिओ कॉलवर सगळ्या जमत. सर्वांत थोरली अनघाताई एकेक नंबर पुकारी आणि जिचा तिने तीच बोंब ठोकायची, पूर्ण आवाजात. सलग तीन वर्षं गैरहजर राहिली की तिचा नंबर विंगेतल्या नव्या मुलीला जाई.

कश्मिराची गैरहजेरीची दोन वर्षं भरली होती. दोन वर्षांपूर्वी चैत्रालीला ताप होता. गेल्या वर्षी ती मांडीवर झोपली होती, म्हणून कश्मिराने बोंब कुजबुजून मारली. "कुजबुजून पाणी येतं का गं?" असं म्हणत अनघाताईने गैरहजेरी मांडली होती.

दुसऱ्या कुणाला हा पोरखेळ वाटला असता. पण जपानात, टोकियोजवळच्या ग्योतोकुत आल्यापासून कश्मिराचं स्वतःचं असं नाव कुणी घेतलंच नव्हतं. बालवाडीत, दवाखान्यात, बागेत ती 'चैत्राली-चानची मामा', म्हणजे चैत्रालीची आई होती. जयेशही हल्ली तिला "आई गं, चार्जर कुठंय?" अशी हाक मारू लागला होता. साऱ्या जगात तिला अजून 'अकरा' म्हणणाऱ्या चाळीस बायका उरल्या होत्या, आणि आज अडीचच्या हजेरीला बोंब जमली नाही, तर तो अकरा जाणार होता.

"कराओकेत जा की," जयेश म्हणाला. "तिथल्या खोल्या साउंडप्रूफ असतात. पाहिजे तेवढं बोंबल."

नवऱ्याला लग्नाच्या सहाव्या वर्षी एक बरी कल्पना सुचली, याचं कौतुक करायलाही वेळ नव्हता. पण जयेशचा दोन वाजता ऑफिसचा कॉल होता, तेव्हा चैत्रालीला घरी ठेवणं शक्य नव्हतं. तिला झोपेतून उठवलं, तशी तिने भोकाड पसरलं. चिठ्ठीची आठवण येऊन कश्मिराने तिच्या तोंडात बिस्किट कोंबलं, तिला सायकलच्या मागच्या सीटवर बांधलं आणि स्टेशन गाठलं. कराओकेच्या काउंटरवरच्या बाईंनी कमरेत वाकून सांगितलं, की आज रविवार, दीड तास थांबावं लागेल. घड्याळात दोन वाजून अठरा मिनिटं झाली होती.

आता एकच जागा उरली होती, नदीचा बांध. तिथे लोक ट्रम्पेटसुद्धा वाजवतात, मग बोंबेने कुणाचं काय बिघडणार? कश्मिरा सायकल दामटत बांधावर पोचली, तेव्हा फोनवर सहा नंबर चालू होता.

"सात!" अनघाताई कडाडली. पुण्याहून बोंब आली. आठ ठाण्याहून. नऊ टोरांटोहून, बाथरूममधून. दहा.

"अकरा! कश्मिरा, आहेस का गं?"

कश्मिराने छाती भरून घेतली. "पाणी आलं गं..." आणि आवाज फाटला. पाच वर्षं "शू, हळू" म्हणण्यात गेलेल्या गळ्यातून मांजराची शेपूट दाराच्या फटीत सापडावी, तसं काहीतरी बाहेर पडलं.

"हे काय गं?" अनघाताई म्हणाली. "परत. आतनं येऊ दे."

ती परत ओरडली. तिसऱ्यांदा ओरडली. आई रडतेय असं वाटून चैत्रालीनेही सूर लावला. बांधावर धावणारे एक गृहस्थ थबकले. नदीकाठी आक्रोश करणारी परदेशी बाई आणि रडणारं मूल पाहून त्यांनी करायला हवं तेच केलं. चौथ्या प्रयत्नाआधी एक तरुण पोलीस सायकलवरून हजर झाला.

"काही अडचण आहे का?" त्याने फार हळुवारपणे विचारलं आणि ती व नदी यांच्यामध्ये उभा राहिला.

फोनमध्ये एकच गलका झाला. "अय्या, कोण गं हा? गोड आहे!" "अकरा, नवरा बदललास?"

"गप्प बसा गं, पोलीस आहे!"

"मग त्याला म्हणावं दोन मिनिटं थांब," अनघाताई म्हणाली, "हजेरी चालू आहे."

कश्मिराच्या जपानीत डॉक्टर, कचरा आणि ट्रेन यांचे सगळे शब्द होते, पण 'बोंब' नव्हता. "मैत्रिणी... बादली... नंबर..." असं ती सांगू लागली. पोलिसाच्या चेहऱ्यावरची काळजी दर शब्दागणिक वाढत गेली. तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. तिने वळून पाहिलं. होसोया-सान! कडक इस्त्रीचा काळा कोट घालून खालच्या मजल्यावरचे आजोबा, चैत्रालीचे 'ओजीसान', तिथे उभे होते. आता हे कालचंही सांगणार.

तिने वाकून माफीच मागितली. "काल कपाटातून मीच ओरडले. तुम्हाला त्रास झाला. चिठ्ठी मिळाली मला."

"चिठ्ठी?" होसोया-सान गोंधळले. त्यांचे कान लाल झाले. "ती तर माझ्यासाठी होती. काल न्हाणीघरात मीच ओरडत होतो."

पोलिसाने वही उघडली आणि काय लिहावं न कळून पुन्हा मिटली.

कॉलेजात होसोया-सान ओएनदानमध्ये होते, म्हणजे सामन्यांत गळा फाडून आपल्या संघाला चेव आणणाऱ्या पथकात. त्यांनी कश्मिराची मोडकीतोडकी हकिकत पुरी ऐकली, फोनमधल्या चाळीस चेहऱ्यांना लवून नमस्कार केला आणि पोलिसाला सांगितलं, "ही माजी विद्यार्थ्यांची सभा आहे. यात काही बेकायदा नाही." मग ते कश्मिराकडे वळले. "पाय फाकवा. हनुवटी खाली. गळा विसरा, पोटातून. समोरच्या किनाऱ्यावरच्या माणसाला ऐकू जायला हवं."

"पाणी आलं गंऽऽ, टाकीवाल्याऽऽ!"

पाण्यावरचे बगळे उडाले. पोलीस एक पाऊल मागे सरला. पलीकडच्या काठावरच्या कुणीतरी खरोखरच हात हलवला.

"अकरा हजर!" अनघाताई ओरडली, आणि चाळीसजणींचा कल्ला नदीवर पसरला. कश्मिराने डोळे पुसले. वाऱ्यामुळे, असं तिने पोलिसाला सांगितलं. त्याने समजुतीने मान हलवली आणि तो निघून गेला.

कॉल संपल्यावर होसोया-साननी कोटाच्या खिशातून घडीचा कागद काढला. "आता माझी पाळी. आमचीही आजच असते. बाराजण होतो. आता मी एकटाच." ते नदीकडे तोंड करून ताठ उभे राहिले. एकेक नाव ते गर्जत घेत आणि त्या माणसाच्या वतीने स्वतःच "ओस्स!", म्हणजे हजर, असं उत्तर देत. दर नावानंतर थोडं थांबत, जणू कुणी उशिरा येतंय. चैत्रालीला तो खेळ फार आवडला. प्रत्येक "ओस्स"ला ती एकेक बोट उघडत गेली. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा तिने एक बोट आईचं घेतलं. तिथे, अकरावर, नावं संपली. होसोया-साननी कागदाची घडी केली, हाताने कोट सारखा केला आणि नदीला वाकून नमस्कार केला.

चैत्रालीने आईचं बोट सोडलं नाही.

"आई," ती म्हणाली, "ओजीसानचं नाव कोण घेणार?"