निवृत्तीभाऊंचा बिघडलेला फोटो

"तुमी आलात, पर तुमचा चेहरा अजून यायचाय. बसा."

वडगावच्या तहसील कचेरीजवळच्या गल्लीत निवृत्तीभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो काढायला आलेल्या प्रत्येकाचं स्वागत याच वाक्यानं होतं. आलेला माणूस घाईत असतो. कचेरीतले साहेब जेवायला उठण्याच्या बेतात असतात, त्याचा अर्ज फोटोवाचून अडलेला असतो आणि इकडे भाऊ त्याला पंख्याखालच्या स्टुलावर बसवून विचारतात, "भात कसा हाय औंदा? म्हैस व्याली का?" माणूस आधी चिडतो, मग नाइलाजानं उत्तर देतो, मग आपणहून सांगायला लागतो. म्हशीपाशी पोचला की कपाळावरची आठी सुटते. "आला, आला!" असं ओरडून भाऊ बटण दाबतात.

एकदा एका वकिलाचा चेहरा यायला पाऊण तास लागला. तोवर कोर्टात पुढची तारीख पडली. वकील भडकले. भाऊ शांतपणे म्हणाले, "तारीख काय, परत मिळंल. ह्यो फोटो बघा आदी." त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वकिलांचे केस गेले, पण वाढदिवसाच्या फ्लेक्सवर अजून तोच फोटो असतो.

नाव निवृत्ती, वय सत्तरीच्या पुढे, पण निवृत्त होण्याचा विचार त्यांच्या डोक्याला शिवलेला नाही. स्टुडिओ त्यांच्या वडिलांचा. वडील काळ्यापांढऱ्या फोटोंना ब्रशनं रंग द्यायचे. मावळातल्या कितीतरी बायकांचे गाल त्यांनी गुलाबी केले आहेत. "आमच्या आबांनी गाल रंगवला म्हंजी बाई नवऱ्याला वळखू येत नसायची," असं भाऊ अभिमानानं सांगतात. लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत, पाण्यातल्या कोऱ्या कागदावर आधी डोळे कसे उमटायचे, मग नाक, मग मिशी, हे ते हातवारे करून सांगायला लागले की गिऱ्हाईक आपलं काम विसरतं.

मी इथल्या शाळेत मास्तर आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, "मोबाइलमदी फोटो किती हायेत तुमच्या?"

"असतील चार-पाच हजार."

"त्यातला भिंतीवर किती?"

एकही नव्हता. त्या दिवसापासून भाऊंनी मला शिष्य करून घेतलं. शिष्याचं मुख्य काम म्हणजे त्यांना मोटारसायकलवरून फिरवणं. त्यांना स्वतःला सायकलसुद्धा येत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी असाच स्टुडिओत बसलो होतो. वडिवळ्याच्या सोनामावशी आल्या, सोबत थोरला मुलगा. मावशींचे यजमान दोन महिन्यांपूर्वी गेले होते. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. त्यांनी पिशवीतून आधारकार्ड काढलं.

"पुऱ्या तोंडाचा ह्यो येकच हाय. पर बघा की कसा! चोरी करताना धरल्यागत. ह्याला हार घातला तर पावनं इचारतील, ह्यांनी काय केलं व्हतं म्हनून."

मग त्यांनी दुसरा फोटो काढला. कुणाच्या तरी लग्नातला घोळका. अगदी कडेला एक कान, एक डोळा आणि अर्धी मिशी. बाकीचं तोंड फोटोच्या बाहेर राहिलं होतं.

"ह्ये बी त्येच," मावशी म्हणाल्या.

मुलगा म्हणाला, "भाऊ, कॉम्प्युटरवर उरलेला चेहरा जोडता येतो म्हणे. आपोआप."

भाऊंनी चष्मा काढला. "कुनाचा डोळा जोडू? तुझ्या आईनं काय जलमभर दुसऱ्याच्या डोळ्याकडं बघायचं?" आणि मावशींना म्हणाले, "तुमी जावा. ह्यांचं उरलेलं तोंड कुटंतरी आसंल. मी हुडकतो."

मावशींचे यजमान, किसनराव, पंचक्रोशीतले नावाजलेले वाढपी. कुणाचंही लग्न असो, कंबरेला टॉवेल बांधून पंगतीत उभे. म्हणजे ते शेकडो लग्नांना हजर होते आणि फोटो मात्र एकाही लग्नातला धड नव्हता. भाऊंकडे जुन्या निगेटिव्ह होत्या, पण इथल्या दमट हवेनं त्या एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की वेगळ्या होईनात. उरले लोकांच्या घरचे अल्बम.

माझी सुट्टी तिथे संपली. आम्ही रोज एका गावात जायचो. भाऊ थेट ओसरीवर चढून म्हणायचे, "तुमच्या लग्नाचा अल्बम काडा." लोक आधी घाबरायचे. मग अल्बम निघायचा, चहा यायचा, आणि तीस वर्षांपूर्वीची भांडणं नव्यानं सुरू व्हायची. एका घरी आजीबाईंनी व्याह्यांचा फोटो बघून पुन्हा अबोला धरला. दुसऱ्या घरी नवऱ्यानं स्वतःचा फोटो बघितला आणि "ह्यो कोन?" असं विचारलं. बायको म्हणाली, "ह्याच्याशी लगीन झालं व्हतं माझं. तुमी मागनं आलात." ते दोघं इतके हसले की आम्ही निघालो तरी अल्बम त्यांच्या मांडीवरच होता.

किसनराव मात्र सापडत नव्हते. कुठे पाठ, कुठे हात, कुठे नुसता टॉवेल. दिवसाला सात-आठ कप चहा पिऊन माझं पित्त खवळलं. मी म्हणालो, "भाऊ, आता पुरे." ते म्हणाले, "आजून नवलाख उंबरे राह्यलंय."

नवलाख उंबरे या गावात वडिवळ्याची एक लेक दिली होती. तिच्या लग्नाचे फोटो भाऊंनीच काढलेले. तिनं अल्बम आणला. शेवटच्या पाकिटात दोन फोटो एकावर एक खोचलेले होते. वरचा फोटो विहिणींच्या पंगतीचा, सगळं कसं रांगेत. भाऊंनी तो उचलला आणि खालचा दिसला.

तीच पंगत, पण मधोमध एक माणूस आडवा आलेला. एका हातात आमटीची बादली, दुसऱ्या हातात ओगराळं, आणि कॅमेऱ्याकडे बघून तो मोकळेपणानं हसत होता. निम्म्या विहिणी त्याच्यामागे झाकल्या गेल्या होत्या.

"ह्यो बिघडल्याला फोटो," ती बाई म्हणाली. "आमचे दादा म्हनले, आपला रोल, आपले फोटो, समदे द्या. म्हनून राह्यला."

मला वाटलं, भाऊ आनंदानं ओरडतील. पण ते दोन्ही फोटो मांडीवर शेजारी शेजारी ठेवून बसून राहिले. बाहेर आल्यावर मी गाडीला किक मारली तरी ते मागे बसेनात.

"मास्तर, मी त्याला हाकलला व्हता," ते म्हणाले. "ओ वाढपी, बाजूला व्हा, फोटो नासला माझा! आसं मोट्यांदा. समद्या पावन्यांदेखत. ह्यो बाजूला झाला, मग मी दुसरा काडला. आन् ह्यो येकच लगीन न्हाई. परत्येक लग्नात आसंच म्हनत आलोय मी. त्याचं तोंड कुटं सापडंल?"

तो फोटो मोठा करून आम्ही वडिवळ्याला गेलो. मावशी अंगणात भात वाळवत होत्या. त्यांनी हात पुसून फोटो धरला. फोटो कोरडा होता, तरी त्यांनी पदरानं पुसला.

"बादली काडून टाकतो, मावशी," भाऊ घाईनं म्हणाले. "नुसता चेहरा ठिवतो. मागं निळा रंग देतो."

"बादली काडू नगा. बादलीबिगर कोन वळखनार त्यांना?"

मग भाऊंनी त्यांना सगळं सांगितलं. काही न लपवता, मान खाली घालून. मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत उभा राहिलो.

मावशींनी ऐकून घेतलं. "मग झाले का त्ये बाजूला?"

"झाले की. हासत हासत."

"त्यांना समदेच म्हनायचे, भाऊ, बाजूला व्हा," मावशी म्हणाल्या. "पर पंगत बसली का समदे त्यांनाच हाका मारायचे. घरी आल्यावर त्ये हाकाच तेवढ्या सांगायचे मला. दुसरं कायबी न्हाई." आणि त्या आत चहा टाकायला गेल्या.

या उन्हाळ्यात कामशेतला एक लग्न होतं. आकाशात ड्रोन, खाली तीन तरुण फोटोग्राफर आणि जुनी ओळख म्हणून आमचे भाऊ. नवरानवरी स्टेजवर उभी राहिली, जोडीचा एक फोटो भाऊंनी काढावा असा नवरीच्या वडिलांचा हट्ट, आणि भाऊ बेपत्ता. शोधत शोधत मी मांडवाच्या मागे गेलो. तिथे चुलाणापाशी त्यांनी आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, सगळ्यांना एका ओळीत उभं केलं होतं.

"भाऊ, तिकडे नवरी थांबलीय!"

"थांबू द्या. तिला काडायला धा जन हायेत."

ओळीच्या टोकाला पुऱ्या लाटणाऱ्या एक मावशी संकोचून उभ्या होत्या, निम्म्या खांबाआड. भाऊंनी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला.

"मावशी, आशा कडंला का? मदी या."

"म्या? पिठाच्या हातानं?"

"पिठाच्याच हातानं या."

बाकीच्यांनी सरकून जागा केली आणि मावशी मधे येऊन उभ्या राहिल्या.