वॉरंटीतला धूर

प्रत्येक वस्तूला हमी असते आणि प्रत्येक हमीला अटी असतात. त्या वाचायला लागणारा वेळ मात्र हमीच्या मुदतीतूनच वजा होतो. १९७४ साली बदलीवर चंदीगडला असलेल्या गुरुनाथ टिकेकरांना हे तत्त्व मान्य होते. केंद्र सरकारच्या नोकरीत माणसाला बरेच काही मान्य असते. सहा वर्षे नंबर लावून आणि प्रॉव्हिडंट फंड रिकामा करून त्यांनी मोटार घेतली. चौथ्या महिन्यात, म्हणजे मुदत शिल्लक असताना, ती सेक्टर चौतीसजवळच्या चौकात बॉनेटखालून पेटली.

भरपाई कोणी द्यायची, यावर कंपनीने तिघांची समिती नेमली (तिघेही कंपनीचेच, त्यामुळे मतभेदाचा धोका नव्हता). समितीला आगीचे कारण सापडले नाही, जॉबकार्ड मात्र सापडले. आगीच्या आठ दिवस आधी टिकेकर वर्कशॉपमध्ये जाऊन, आपल्या मते शुद्ध हिंदीत, म्हणाले होते, "बॉनेट में से धूर निकलता है." मेकॅनिकने 'धूल' लिहिले, मोटार पुसून लख्ख केली आणि टिकेकरांनी 'काम समाधानकारक' याखाली सही केली (सरकारी माणूस पुढे आलेला कागद परत पाठवत नाही).

"धूल की शिकायत थी जी, पक्की साफ की," वर्कशॉपचे मॅनेजर अदबीने म्हणाले. "धुएँ की तो आपने लिखवाई ही नहीं."

"धूर मतलब वही, जो आग के पहले आता है," टिकेकरांनी समजावले.

मॅनेजरांनी तेही लिहून घेतले: आगीची मालकास पूर्वकल्पना होती.

अहवाल दीड महिन्यात आला. मोटारीत दोष नसून तो शब्दात आहे. शब्द मालकाने घरून आणलेला असल्याने हमीत बसत नाही. तथापि, जळालेले वायरिंग मूळ स्थितीत परत केल्यास सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल.

"बाबा, धुआँ बोलना था ना," मुलगी नयना म्हणाली.

"तरी मी सांगत होते, हिंदीचा क्लास लावा," पत्नी सुनेत्राबाई म्हणाल्या.

टिकेकरांना फार वाईट वाटले आणि थोडी लाजही वाटली. दुरुस्तीचा खर्च त्यांनी स्वतःच सोसला, वर एक शब्दकोशही घेतला. ऑफिसातही सगळ्यांचे म्हणणे हेच पडले, की भाषा नीट यायला हवी. आणि वाचकहो, तुम्हीसुद्धा एवढा वेळ त्यांच्या हिंदीलाच हसत होता. नवी कोरी मोटार पेटतेच कशी, हे अजून कोणीही विचारलेले नाही. कंपनी आपली आभारी आहे.