बाटलीचं आख्यान

दिगंबरबुवांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाचता वाचता ते तुम्हाला आवडायला लागतील आणि माझी बाजू मागे पडेल. त्यांना भेटणाऱ्या प्रत्येकाचं तेच व्हायचं. दापोडीपासून चाकणपर्यंतची माझ्या हाताशी आलेली अख्खी एजन्सी त्यांनी घालवली, तीही चिपळ्या वाजवत.

बुवा कीर्तनकार होते आणि ते एका थंड पेयावर कीर्तन करायचे. पेयाचं नाव मी लिहिणार नाही. फुकट जाहिरात मी कोणाचीच करत नाही, त्या कंपनीची तर मुळीच नाही. काळं, फेसाळ, परदेशी, एवढं पुरे आहे.

आता असलं कीर्तन करायला त्यांना कोणी सांगितलं, असं विचाराल, तर मी सांगितलं. धंदा होता तो. मी नगरकडून आलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज माझ्याकडे काही नव्हतं. बर्फाच्या लाद्या गोणपाटात गुंडाळून पाठीवर वाहिल्या. मग सोडावॉटरची गाडी केली, मग दापोडीला मुंबई-पुणे रस्त्यावर दुकान टाकलं. कोणी मला काही दिलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं. पिंपरीच्या बाजूला तेव्हा कारखाने उभे राहायला लागले होते, पगारी माणसं येत होती, आणि त्या कंपनीला या पट्ट्यात एक एजंट हवा होता. कंपनीचे साहेब म्हणाले, आधी आजूबाजूच्या गावांत माल खपवून दाखवा.

माल खपेना. दारूबंदीचे दिवस होते. काळी, फेस येणारी बाटली हातात दिली की माणूस आधी मागे हवालदार आहे का ते बघायचा. भोसरीत एका पाटलांनी ती हुंगली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेठ, आमी कुनाला सांगायचो न्हाई, पर खरी असंल ती काढा की." हीच खरी आहे म्हटल्यावर त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला.

तेव्हा मी ठरवलं की या बाटलीच्या पाठीशी एखादा सोवळा माणूस उभा करायचा. काळेवाडीला एका शेतकऱ्याच्या पडवीत दिगंबरबुवा राहायचे. मूळचे कोकणातले. एकटे. उंच, वाळलेले, आणि आवाज असा की हाक मारली तर नदीपलीकडचा माणूस मागे वळायचा. पण कीर्तनाची बोलावणी कमी झाली होती. मी जाऊन सरळ म्हटलं, बुवा, एक कीर्तन माझ्या बाटलीवर करा.

मला वाटलं, चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, "हिला चरित्र आहे का?"

"कोणाला?"

"हिला. चरित्राशिवाय आख्यान लागत नाही, शेठ."

कंपनीची एक इंग्रजी पुस्तिका होती, ती मी त्यांना दिली. बुवांना इंग्रजी बेताचं यायचं, आणि जे समजत नव्हतं ते त्यांनी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे भरून काढलं. पुस्तिकेत असं होतं की परदेशात एक औषधवाला होता, त्याने डोकेदुखीवर काहीतरी उकळलं आणि त्याचंच पुढे हे पेय झालं. बुवांनी त्याला वैद्यबुवा केलं. ते परसात चुलीवर तांब्याचं भांडं चढवून पळीने ढवळायचे आणि त्यांची मंडळी ओसरीवरून विचारायची, अहो, जेवायला येताय ना? मी म्हटलं, बुवा, तिकडे ओसरी नसते. ते म्हणाले, "बायको जेवायला बोलावते ना? मग ती कुठेतरी उभी असणारच. कथेला धरून आहे."

कथेला धरून आहे, हा त्यांचा शब्द. माझी कोणतीही हरकत ते याच वाक्याखाली गाडायचे.

कीर्तन मात्र बघण्यासारखं व्हायचं. पूर्वरंगात तृष्णा. माणसाला तहान का लागते, देवांना समुद्र का घुसळावा लागला, हे सगळं. मग बुक्का, हार, आणि उत्तररंगात बाटली. वैद्यबुवांच्या हिशेबनिसाने पेयाचं नाव वळणदार अक्षरात कसं लिहिलं, ते बुवा उपरण्याचं टोक हवेत फिरवून दाखवायचे. पहिला पेला फुकट मिळावा म्हणून कंपनीने चिठ्ठ्या वाटल्या होत्या, त्यांना ते प्रसादपत्रिका म्हणायचे. अंधारात हात लागला तरी ओळखू यावी अशी बाटली घडवली, हे सांगताना डोळे मिटून, चाचपडत, पुढच्या रांगेतल्या एखाद्याच्या पागोट्यापर्यंत जायचे. तांबड्या अंगरख्यातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा कंपनी तिकडे चित्रांत छापत असे. बुवांनी तो कथेत आणला तेव्हा मोशीच्या एका बाईने उठून त्याला लांबूनच नमस्कार केला.

गंमत म्हणजे बुवांनी ते पेय कधी तोंडाला लावलं नाही. त्याच्या चवीचं वर्णन असं करायचे की माझ्यासारख्या विकणाऱ्याला तहान लागावी. मी एकदा विचारलं, एवढं सांगता, एकदा पिऊन तरी बघा. म्हणाले, "प्यायलो तर जिभेवर होतं तेवढंच सांगावं लागेल." आणि ज्या बाटलीवर कीर्तन, तिला उन्हातून नेताना ते छत्री तिच्यावर धरायचे. स्वतः उन्हात.

इथपर्यंत सगळं माझ्या फायद्याचं होतं. पण पुस्तिकेच्या कोपऱ्यात एक ओळ होती. औषधवाल्याने आपले हक्क थोडक्यात विकून टाकले आणि लवकरच तो वारला. पुढे पेय जगभर गेलं. कंपनीने त्याला एका ओळीत उरकलं होतं.

बुवांना ते सहन झालं नाही. "एका ओळीत माणूस मारतात का, शेठ?" असं म्हणून त्यांनी ते मरण सविस्तर केलं. आजारपण, अंथरूण, उशाशी बसलेली मंडळी, आणि बाहेर रस्त्यावर लोक त्यांचंच पेय पिताहेत, पण आत झोपलेला माणूस कोण, हे कोणाला ठाऊक नाही. या ठिकाणी बुवा चिपळ्या खाली ठेवायचे आणि नुसत्या आवाजावर गायचे. बाया पदराने डोळे पुसायच्या. बाप्ये खाली बघायचे. आणि आरती झाली की सगळे गप्प उठून घरी जायचे. घंगाळात बर्फ वितळत असायचा, बाटल्या गार, मी झाकण काढायची किल्ली हातात घेऊन उभा, आणि गिऱ्हाईक एक नाही. मरणाच्या घरून उठल्यावर कोण गोड पाणी पितं? चऱ्होलीत तर एका आजींनी घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ केली.

मी बुवांशी सौदा करायला बसलो. म्हटलं, वैद्य मेला तर मेला, पण विक्री झाल्यावर मरू दे. ते म्हणाले, आरतीनंतर कोणी मरत नाही. म्हटलं, मग मध्यंतरात विकतो. ते म्हणाले, प्रसादाआधी नाही. मग मी मरणावरच घासाघीस सुरू केली. मरण ठेवा, पण मंडळींचा विलाप काढा. नाही. विलाप ठेवा, पण मरण न दाखवता तीर्थयात्रेला पाठवा. नाही. बरं, नुसता आजारी पाडा. आयुष्यात इतका चिवट माणूस मी चाकणच्या कांद्याच्या बाजारातही पाहिला नाही. शेवटी आमचा सौदा खोकल्यावर पटला. वैद्यबुवांना म्हातारपणी थोडा खोकला येतो, इथे आख्यान संपवायचं. बुवांनी मान हलवली. मी त्यांच्याकडून शब्द घेतला. तो शब्द त्यांनी दिला, हे तुम्ही लक्षात ठेवा.

कारण रहाटणीच्या उत्सवात कंपनीचे साहेब स्वतः बघायला येणार होते. इथे माल खपला की एजन्सी माझी.

देवळापुढे सगळं गाव जमलं होतं. साहेबांना मी खुर्ची दिली. पाऊण घंगाळ बर्फ, त्यात बाटल्या. बुवा त्या संध्याकाळी असे रंगले होते की साहेबांनी बूट काढून मांडी घातली. समुद्रमंथन झालं, तांब्याचं भांडं झालं, वळणदार अक्षर झालं. लोक ओठांवरून जीभ फिरवत होते, मी स्वतः पाहिलं. मग खोकला आला. छोटासा, ठरल्याप्रमाणे. बुवांनी झांजवाल्याला खूण केली, आता अभंग आणि आरती, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक म्हातारा, चांगल्या घरचा शेतकरी, मान वर करून म्हणाला, "बुवा, मंग त्या वैद्याचं म्होरं काय झालं? सुखात ऱ्हायला आसंल न्हवं?"

बुवांनी माझ्याकडे बघितलं. मी घंगाळामागून मान हलवली, हात हलवले, जेवढं हलवता येतं ते सगळं हलवलं. मग त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"नाही," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी वैद्यबुवांना असं मारलं की आधीची सगळी मरणं त्यापुढे सर्दीपडशी वाटावीत. मंडळींचा विलाप झाला. लेकाचा झाला. त्या तांब्याच्या भांड्याचासुद्धा झाला. तो म्हातारा शेतकरी हमसून रडला. साहेबांनी रुमाल काढला. एक बाटली खपली नाही.

साहेब जाताना मला म्हणाले, कार्यक्रम फार उत्तम होता. आणि आठवड्याभरात एजन्सी चिंचवडच्या एकाला दिली. त्याच्याकडे मोटार होती आणि मोटारीवर लाउडस्पीकर. लाउडस्पीकरला रडता येत नाही, हा त्याचा एकमेव गुण.

मी बुवांचं तोंड बघायचं सोडलं. पण राग माझ्या पोटात राहत नाही, तो बोलून टाकल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. म्हणून सर्वपित्री अमावस्येला दुपारी मी काळेवाडीला गेलो. वाटेत वाक्यं जुळवत गेलो. दिलेला शब्द मोडताना लाज वाटली नाही का, इथून सुरुवात होती.

पडवीत बुवा सोवळं नेसून उभे होते. स्वतः रांधलेलं होतं. खीर, वडे, भात. जमिनीवर दोन पानं मांडलेली. एक आईवडिलांचं असणार. दुसऱ्या पानाशेजारी ती बाटली होती, झाकण काढलेली. चिंचवडच्या एजंटाकडून विकत आणलेली.

मी जुळवलेली वाक्यं विसरलो. विचारलं, हे कोणाचं?

"वैद्यबुवांचं."

"बुवा, तो परदेशी माणूस. त्याचं गोत्र तरी ठाऊक आहे का?"

"ठाऊक नसलं की काश्यप धरतात," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांच्या मुलाबाळांत ही रीत नसावी, शेठ. आपण त्यांचं पेय दारोदार विकायचं आणि त्यांना घास ठेवायचा नाही, हे काही बरं दिसत नाही."

दोन्ही घास त्यांनी अंगणाच्या बुटक्या भिंतीवर ठेवले. आईवडिलांच्या घासाला कावळा लगेच शिवला. वैद्यबुवांच्या घासाकडे एकही फिरकेना. समोर चिंचेवर चार-पाच बसले होते, मान वाकडी करून बघत होते, पण खाली येईनात. बुवांनी हात जोडले. म्हणाले, वैद्यबुवा, तुमची कथा मी कधी गाळून सांगणार नाही. कावळे बसून राहिले. म्हणाले, रोज तुमचं नाव घेईन. बसून राहिले. ऊन टळायला आलं. बुवा सकाळपासून उपाशी होते, पण खाली बसेनात. त्यांचा चेहरा मला बघवेना. रहाटणीच्या देवळात एवढं गाव रडवणारा माणूस, आणि त्याला एका कावळ्याची मनधरणी करता येईना.

मला राग आला. कोणाचा ते मलाच कळलं नाही. मी भिंतीजवळ गेलो आणि त्या झाडाकडे बघून, बाजारात बोलतो त्याच आवाजात म्हटलं, "ओ वैद्यबुवा, तुम्ही फार स्वस्तात विकलंत. लुबाडलं तुम्हाला. मी तिथे असतो तर तसा सौदा होऊ दिला नसता."

कावळा खाली आला. वड्यावर चोच मारून पुन्हा झाडावर गेला.

बुवा मटकन खाली बसले. मग त्यांनी दोन्ही पानं उचलून माझ्यापुढे केली, तुम्ही कोणत्या पानावर बसता, असं विचारायला. मी जेवलो. भांडण तसंच राहिलं.

पुढे एका हिवाळ्यात बुवा झोपेतच गेले. कोकणात पत्र पाठवलं, कोणी आलं नाही. शेतकऱ्याने आणि मी मिळून जे करायचं ते केलं. त्या वर्षी सर्वपित्रीला आमच्या घरातून मला न विचारता दोन पानं जास्त वाढली गेली. मी बायकोला म्हटलं, हे काय? ती म्हणाली, बुवांना आणि त्यांच्या वैद्यबुवांना मग कोण वाढणार? तेव्हापासून दरवर्षी मी भर उन्हात चिंचवडला जातो आणि माझी एजन्सी घेऊन बसलेल्या त्या लाउडस्पीकरवाल्याकडून एक बाटली विकत आणतो. तो मला भावात काही कमी करत नाही. मी भांडतो, तरी करत नाही.

म्हणून आता कंपनीच्या साहेबांना माझं उघड विचारणं आहे. तुमच्या मालाचा मूळ मालक दरवर्षी कावळा होऊन दापोडीला माझ्या कौलांवर येऊन बसतो. त्याला तुम्ही एका ओळीत उरकलंत. त्याला घास ठेवणं हे तुमचं काम, ते मी का करतो आहे, याचं उत्तर द्या. आणि दिगंबरबुवांनी अखेरपर्यंत तुमचीच कथा सांगितली, तुमच्या बाटलीवर छत्री धरली आणि स्वतः उन्हात चालले. तो माणूस तुमचा कोण होता, तेही एकदा सांगून टाका.