अंबाडीची तीन झाडं

खांबेटेकाकांनी उभ्या आयुष्यात साधी बिडी ओढलेली नाही. पान खाल्लं तरी चुना वगळून. अशा माणसाने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी गांजावर हेरगिरीचा विनोदी लघुपट काढायला घेतला, आणि त्यात हेर म्हणून मला उभं केलं.

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमध्ये काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. केमिस्टच्या नोकरीतून निवृत्त झाले, नियमांतून नाही. "नियमात बसतंय का?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि बसत असेल तर "गेनाऊ!", म्हणजे 'अगदी बरोबर!' जिन्यात शिंक आली तरी आधी घड्याळ बघतात, दुपारी शांतता पाळायची वेळ तर नाही ना!

सिनेमाचं मूळ त्यांच्या बाल्कनीत. त्यांच्या पत्नी, सुधाकाकू, दरवर्षी कुंड्यांत अंबाडी लावायच्या. अंबाडीचं पान गांजाच्या पानासारखं दिसतं हे आपल्याकडे कुणाच्या डोक्यात येत नाही. शेजारच्या फ्राउ केलर, म्हणजे केलरबाई, यांच्या आलं. त्यांनी पोलीस बोलावले. काकूंनी दोघा पोलिसांना बसवून कण्या घातलेली अंबाडीची भाजी आणि भाकरी खाऊ घातली. त्यातल्या एकाने दोनदा वाढून घेतलं. हा किस्सा काकू दर गणपतीत सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "अहो, यावर सिनेमा काढा की!" दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, आणि गेल्या उन्हाळ्यात काकांनी खरंच मनावर घेतलं.

कथा अशी: 'एजंट पावणेआठ' गांजावाल्यांच्या टोळीत शिरायला पुण्याहून जर्मनीत येतो, तर इथे गांजा कायदेशीर झालेला. टोळीची म्होरकी (फ्राउ केलरच, भलत्या हौसेने) त्याला पिस्तूल दाखवत नाही, सभासदत्वाचा फॉर्म देते. बिचारा अर्धा सिनेमा कागदपत्रं गोळा करत फिरतो. बजेट शून्य. माझा ओव्हरकोट म्हणजे बायकोचा रेनकोट, पिस्तूल म्हणजे काकूंचा हेअर ड्रायर, अड्ड्यातला धूर उदबत्त्यांचा. तळघरात एकदम चाळीस उदबत्त्या पेटवल्यावर अलार्म ठणाणा करू लागला आणि म्होरकी आपल्या कुत्र्याला काखोटीला मारून पळाली.

बाल्कनीत झाडं मात्र तीनच होती.

"काका, जंगल दाखवायचंय ना? अजून लावा की," मी म्हणालो.

"माणशी तीन. कायदा आहे."

"पण ही अंबाडी आहे! भाजीला कसला कायदा?"

"दिसते ना गांजासारखी? मग तीनच. गेनाऊ!"

हे मी ऑफिसात रंगवून सांगितलं. आपली मंडळी पोट धरधरून हसली, आणि मी त्यांच्याहून जास्त.

शेवटचा सीन राहिला होता. एजंट झाडांसमोर बसून भाजी खातो आणि वर कळवतो, "माल अस्सल आहे." भाजी त्याच झाडांचा पाला खुडून करायची होती. "थंडीच्या आत उरकू हं निखिल," काका म्हणाले. "एका गारठ्यात संपतात ही झाडं."

नेमका तेव्हाच माझा नागरिकत्वाचा अर्ज आम्टात, म्हणजे इथल्या सरकारी कचेरीत, पडला होता. काळा चष्मा लावून मी त्या पानांत बसलोय, हे तिथल्या एखाद्या साहेबाने बघितलं तर? माझी पाचावर धारण बसली. पहिल्या शनिवारी मला ताप आला. दुसऱ्या शनिवारी पाहुणे आले. तिसऱ्या शनिवारी मी फोनच उचलला नाही. ताप खोटा, पाहुणेही खोटे. काका दर वेळी म्हणायचे, "हरकत नाही, पुढच्या शनिवारी करू."

चौथ्या शनिवारी लाज वाटून मी रेनकोट घालूनच वर गेलो. आदल्या रात्री पारा शून्याखाली उतरला होता. तिन्ही झाडं काळी पडून माना टाकून उभी होती, आणि काका त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते.

"पुढच्या वर्षी लावू, काका. बी धरलं असेल ना?"

"इथे नाही धरत. त्याआधीच थंडी येते. ही दर खेपेला गावाहून आणायची."

"मग माझी आई पाठवेल की!"

"पाठवेल ना," काका म्हणाले. ते आत गेले आणि औषधाची एक रिकामी बाटली घेऊन आले. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर काकूंचं अक्षर होतं: 'अंबाडी. अहो, मे संपल्यावर पेरा. घाई नको.'

"होतं नव्हतं ते सगळं पेरलं मी," काका म्हणाले. "जुनं बी. तीनच उगवली."

"म्हणजे ते कायद्याचं...?"

"मग काय सांगायचं होतं तुला?"

मला नागरिकत्व फेब्रुवारीत मिळालं. सिनेमाबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नाही. तीन शनिवार माझ्या हातात होते. त्यातला एकही मी त्यांना दिला नाही, ही टोचणी काही जात नाही.

वाळलेली झाडं ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची, हा नियम काकांना तोंडपाठ आहे. वसंत आला तरी ती तिन्ही तशीच बाल्कनीत उभी होती. या वेळी फ्राउ केलर यांनी कुणाला बोलावलं नाही.